घोड्यांचे उपकार

पुण्यात १९४६ साली पूनावाला कुटुंबाने शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली. तेथील उमद्या जनावरांची ऐट पाहून कोणीही अश्वप्रेमी हरखून जाई. परंतु घोडा शर्यतीस निरुपयोगी झाला, म्हणजे त्याचे काय होई?

असे काही घोडे मुंबईस, नायगावाशेजारच्या परळमधील हाफकिन संस्थेकडे जात. तेथे सापाच्या विषाची अत्यल्प मात्रा घोड्यास टोचीत व ती हळूहळू वाढवीत. त्यामुळे त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये उत्पन्न होत. मग थोडे रक्त काढून त्यातील सीरम वेगळे करीत. ते वेळीच टोचले, म्हणजे सर्पदंश झालेल्या मनुष्याचे प्राण वाचत.

हे कार्य पाहून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली. तिने प्रथम धनुर्वातावरील औषध तयार केले. तेही घोड्यांच्याच रक्तापासून. आज ती संस्था जगात सर्वाधिक लसी बनविते.

शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. ज्यांची धाव संपली, त्या घोड्यांनी किती घरांतील दिवे विझू दिले नाहीत, याची गणती मात्र कोणी ठेवलेली नाही.