भरपाईची रक्कम आणि गुंतवणुकीचा खर्च

मुंबईच्या पूर्वेस, बंदराच्या पाण्यापलीकडे पसरलेला उरण तालुका एके काळी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारा तालुका म्हणून ओळखला जात असे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी निश्चित करण्यात आल्या. त्यापाठोपाठ मुंबई हायच्या तेलाचा व वायूचा प्रकल्प उरणच्या किनाऱ्यावर आला. १९८९ साली न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वेही उरणपर्यंत येऊन पोहोचली. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. जमिनीचे पैशात रूपांतर होण्याची प्रक्रिया या तालुक्यात तीन पिढ्या चालू आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या प्रक्रियेतील एका प्रश्नासाठी येथील शेतकऱ्यांनी मोठी किंमत मोजली. जमिनीला न्याय्य मोबदला मिळावा म्हणून श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे धोरण या लढ्यातून आकारास आले. त्याच १९८४ साली केंद्राने १८९४ च्या भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून दिलासा रक्कम शेकडा १५ वरून शेकडा ३० केली. पुढे २०१३ च्या कायद्याने ती शेकडा १०० झाली.

मोबदला किती, या प्रश्नाचा असा पाठपुरावा झाला. मिळालेल्या मोबदल्याचे पुढे काय, हा दुसरा प्रश्न मात्र घराघरांवर सोडून देण्यात आला. ज्या कुटुंबाने सातबाऱ्यापलीकडे कोणताही आर्थिक कागद कधी हाताळला नाही, त्याच्या बँक खात्यात एके दिवशी मोठी रक्कम जमा होते आणि ते कुटुंब त्या दिवसापासून, इच्छा असो वा नसो, खाजगी गुंतवणूकदार बनते. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. सल्ल्याची किंमत सांगणारे थोडे.

न दिसणारी वजावट

शेतकरी खर्चाचा हिशेब ठेवत नाही, हा समज खरा नाही. बियाणे, खत, मजुरी, भाडे, बाजारातील दलाली यांचे आकडे त्याला तोंडपाठ असतात, कारण ते पैसे त्याच्या हातून जातात. म्युच्युअल फंडाचा खर्च कोणाच्याही हातून जात नाही. व्यवस्थापनाचा मोबदला, वितरकाचे कमिशन व इतर खर्च फंडाच्या मालमत्तेतून रोजच्या रोज वजा होतात आणि वजावटीनंतर जे उरते तेच युनिटचे मूल्य म्हणून जाहीर होते. पावती फाडली जात नाही, म्हणून खर्च झाल्याची जाणीवही होत नाही.

शेकडा दोन हे प्रमाण कानाला अल्प वाटते. दहा लाखांवर ते पहिल्याच वर्षी २०,००० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे १,६६७ रुपये होते. एखाद्या माणसाने दरमहा घरी येऊन एवढी रक्कम रोख मागितली असती, तर कोणत्याही गृहिणीने त्याला दोन प्रश्न विचारल्याशिवाय सोडले नसते.

वीस वर्षांचा हिशेब अधिक बोलका आहे. निव्वळ उदाहरणादाखल धरू की मूळ गुंतवणुकीवर खर्चापूर्वी वार्षिक शेकडा १० वाढ होते. (प्रत्यक्षात ती कमी-अधिक होईल, कोणीही तिची हमी देऊ शकत नाही.) खर्च मुळीच नसता तर दहा लाखांचे वीस वर्षांत ६७.२७ लाख झाले असते. खर्च शेकडा ०.२ असेल तर ६४.८७ लाख होतात. तोच खर्च शेकडा २ असेल तर हाती ४६.६१ लाख येतात. शेवटच्या दोन रकमांतील अंतर १८ लाखांहून अधिक आहे. ज्या रकमेने आरंभ केला तिच्या जवळजवळ दुप्पट रक्कम केवळ खर्चाच्या फरकाने कमी-जास्त झाली. याचे कारण असे की आज वजा झालेला रुपया एकटा जात नाही. त्या रुपयाने पुढील वर्षांत जे मिळवले असते तेही तो बरोबर घेऊन जातो.

अधिक खर्चाच्या मोबदल्यात अधिक वाढ मिळते काय, हा साहजिक प्रश्न आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली त्याचे उत्तर साध्या अंकगणिताने दिले. सर्व गुंतवणूकदार मिळून म्हणजेच बाजार. तेव्हा निवड करून खरेदी-विक्री करणाऱ्यांची सरासरी कमाई खर्चापूर्वी बाजाराइतकीच असणार आणि खर्च वजा जाता ती बाजाराहून कमी भरणार. काही व्यवस्थापक सरासरीच्या पुढे जातात, हे खरे. परंतु ते कोण, हे वीस वर्षे आधी ओळखणे कठीण आहे. जॉन बोगल यांनी १९७६ साली सर्वसामान्य गुंतवणूकदारासाठी निर्देशांकानुसार चालणारा फंड काढला, त्यामागे हाच विचार होता. भारतात असे फंड १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आले. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीने २०१५ पासून शेअर बाजारात गुंतवणूक सुरू केली, तीही निर्देशांकाधारित फंडांद्वारे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या ज्या शिक्षकांचे व कर्मचाऱ्यांचे पैसे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जमा होत गेले, त्यांना अल्प व्यवस्थापन शुल्काचा लाभ बहुधा नकळतच मिळाला. त्यांनी आपल्याच गावातील खातेदारास ही गोष्ट समजावून सांगावी, अशी अपेक्षा वावगी ठरू नये.

एकरकमी पाच लाख की दरमहा दोन हजार

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पुनर्वसनाचा एक पर्याय आहे, त्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. जमिनीच्या मोबदल्याव्यतिरिक्त, बाधित कुटुंबास रोजगार, किंवा एकरकमी पाच लाख रुपये, किंवा दरमहा किमान दोन हजार रुपये वीस वर्षे, असे पर्याय त्यात सांगितले आहेत. दोन हजारांची रक्कम शेतमजुरांच्या ग्राहक मूल्य निर्देशांकाशी जोडावयाची आहे. म्हणजे महागाई वाढेल तशी तीही वाढेल. ही अनुसूची जेथे लागू होते तेथे कुटुंबाने काय निवडावे?

महागाई बाजूला ठेवून, आजच्या रुपयांत हिशेब करता येतो. पाच लाखांची वाढ महागाईइतकीच झाली, तर ती रक्कम वीस वर्षांत संपेपर्यंत दरमहा सुमारे २,०८३ रुपये काढता येतील. महागाईहून शेकडा दोन अधिक वाढ झाली तर सुमारे २,५४८ रुपये. महागाईहून शेकडा एक कमी वाढ झाली तर सुमारे १,८७२ रुपये. पाच लाख घेणे फायद्याचे की नाही, हे असे दोन-तीन टक्क्यांच्या आत ठरते. आणि महागड्या योजनेचा वार्षिक खर्च नेमका तेवढाच असतो. ज्या कुटुंबाचे दोन टक्के खर्चात जातात, त्याने गुंतवणुकीचा धोका स्वतः पत्करून शेवटी शासनाच्या मासिक रकमेपेक्षा ८३ रुपयेच अधिक मिळवले, असे होऊ शकते. हा हिशेब अर्थातच पाच लाख जपून ठेवणाऱ्याचा आहे. लग्नकार्य, घराची दुरुस्ती आणि नवे वाहन यांत पहिल्या दोन वर्षांत रक्कम संपली, तर तुलनाच उरत नाही.

मोबदला पुष्कळदा एकट्याचा नसतो, हेही लक्षात घ्यावयास हवे. सातबाऱ्यावर भाऊ असतात, त्यांची मुले असतात आणि बहिणींचाही हक्क असतो; महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क दिला आहे. मोठी दिसणारी रक्कम वाटपानंतर प्रत्येकी काही लाखांवर येते. अशा रकमेसाठी शुल्क घेऊन सल्ला देणारा तज्ज्ञ सहसा फिरकत नाही. फिरकतो तो कमिशनवर काम करणारा.

धोरणाची बाजू

या कमिशनाबाबत सेबीने बरीच पावले उचलली. १ ऑगस्ट २००९ पासून फंडात प्रवेश करतानाच कापला जाणारा आकार बंद झाला. तोपर्यंत शेकडा २.२५ पर्यंतची रक्कम गुंतवणुकीपूर्वीच वजा होत असे. १ जानेवारी २०१३ पासून वितरकाशिवाय थेट गुंतवणुकीची, म्हणजे ‘डायरेक्ट प्लॅन’ची सोय सर्व फंडांना करावी लागली. २०१८ साली खर्चाची कमाल मर्यादा खाली आणण्याचा निर्णय झाला आणि मोठ्या फंडांसाठी ती अधिक कमी ठेवण्यात आली.

तथापि दुसरीही बाजू आहे. २००९ नंतर लहान गावांत जाण्यास वितरक नाखूष झाले, अशी तक्रार आली आणि २०१२ साली मोठ्या शहरांबाहेरून येणाऱ्या गुंतवणुकीसाठी शेकडा ०.३० पर्यंत जादा खर्च आकारण्यास मुभा मिळाली. तिच्या गैरवापराच्या तक्रारी झाल्यावर १ मार्च २०२३ पासून ती स्थगित करण्यात आली. सल्ला फुकट मिळत नाही, हे यावरून दिसते. अर्ज कसा भरावा, वारसाचे नाव कोठे लिहावे, बाजार कोसळल्यावर घाबरून का विकू नये, हे समजावणाऱ्या प्रामाणिक माणसाला मोबदला मिळालाच पाहिजे. आक्षेप एवढाच की तो मोबदला किती, हे देणाऱ्याला रुपयांत कळले पाहिजे.

स्वस्त म्हणजे सुरक्षित, असाही अर्थ कोणी काढू नये. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये सुमारे आठ हजारांवर आला. त्या काळात निर्देशांक फंडाचा अल्प खर्च कोणालाही वाचवू शकला नसता. पुढील पाच-सात वर्षांत लागणारा पैसा, मुलांच्या शिक्षणाचा वा औषधपाण्याचा, बाजारात असू नये. त्यासाठी डाकघराच्या योजना आहेत, ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना आहे, बँकेतील ठेव आहे. ठेवीबाबत रायगड जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. पेण अर्बन बँकेवर २०१० साली निर्बंध आले तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ साली रद्द झाला तेव्हा ती पाच लाख झालेली होती. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व ठेवी मिळून असते आणि पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नाही. एकाच बँकेत सगळी भरपाई ठेवणाऱ्याने हे दोन्ही मुद्दे तपासून पाहावेत.

भरपाईच्या वाटपावेळी तलाठी, ग्रामसेवक व भूसंपादन अधिकारी यांचा खातेदाराशी प्रत्यक्ष संबंध येतो. योजनेची शिफारस करणे हे त्यांचे काम नव्हे. परंतु कोणत्याही योजनेवर सही करण्यापूर्वी खातेदाराने विक्रेत्याकडून दोन आकडे लेखी मागावेत, एवढे ग्रामसभेत सांगता येईल: दर वर्षी माझ्या रकमेतून किती रुपये खर्चापोटी वजा होतील आणि तीन वर्षांनी पैसे परत मागितल्यास किती कापले जातील. विमा व गुंतवणूक यांची सांगड घालणाऱ्या योजनांबाबत तर दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. शाळेतील शिक्षकांना शक्य झाल्यास सातवी-आठवीच्या चक्रवाढ व्याजाच्या तासाला दहा लाख, वीस वर्षे आणि शेकडा दोन यांचे उदाहरण फळ्यावर घालता येईल. ते गणित मुले घरी घेऊन जातील, त्या वेळी काही घरांत संपादनाच्या नोटिशी आलेल्या असतील.