घाटात गाडी म्हणजे वजन

पुणे

चि. छोटीस,


तुझा निरोप वाचला. जुलैत म्युनिकहून निघायचं, इटलीतला स्टेल्व्हिओ घाट चढायचा आणि त्यासाठी दोन दिवस स्पोर्ट्स कार भाड्याने घ्यायची. सोबत मैत्रीण. पोर्शे ९११ आणि आल्पीन ए११० या दोन गाड्या मिळतायत, त्यांतली कोणती घेऊ असं तू विचारलंस. तुझ्या आईने मला वेगळा फोन करून ‘तिला नको म्हण’ असं बजावलं आहे. मी तसं म्हणणार नाही. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या सस्पेन्शनवर गेली. गाडी खरी कशी आहे हे घाटात जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुठल्याच रस्त्यावर कळत नाही, हे माझं पक्कं मत आहे. तेव्हा जरूर जा.

गाडी आल्पीन घे. यात मला शंका नाही, पण मी म्हणतो म्हणून घेऊ नकोस. कारण समजून घे, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

सध्याची साधी ९११ दीड टनाची आहे, ३९४ हॉर्सपॉवरची आणि जवळपास १.८५ मीटर रुंद. आल्पीनचं वजन अकराशे किलोच्या आसपास, ताकद २५२ आणि रुंदी १.८० मीटर. कागदावर पोर्शे मोठी वाटते आणि जर्मनीच्या ऑटोबानवर ती आहेच. पण स्टेल्व्हिओच्या वरच्या भागात एक वळण संपून नीट सरळ होतेस न होतेस तोच पुढचं वळण येतं. तिथे ३९४ पैकी निम्मी ताकदही वापरायला जागा नसते. वजन मात्र प्रत्येक वळणावर पुरेपूर हिशोब मागतं. दीड टन थोपवायचे, वळवायचे, पुन्हा ओढायचे, आणि हे अठ्ठेचाळीस वेळा. घाटात तू गाडी चालवत नसतेस, वजन चालवत असतेस. ज्या गाडीत ते मुळातच कमी आहे आणि कुठे सरकतंय हे तुझ्या हाताला आणि बैठकीला कळतं, ती घाटाची गाडी.

आल्पीनचा जन्मही याच रस्त्यांवरचा. फ्रान्समधल्या दिएप्पचा जाँ रेदेले छोट्या रेनो घेऊन आल्प्समधल्या शर्यतींत उतरायचा. त्याला हे घाटच इतके आवडले की १९५५ साली काढलेल्या कारखान्याला त्याने त्यांचंच नाव दिलं. जुन्या ए११० ने १९७३ ची पहिली जागतिक रॅली स्पर्धा कारखान्यांच्या गटात जिंकली. नव्या ए११० मध्येही इंजिन दोन सीटांच्या मागे पण मागच्या आसाच्या पुढे आहे आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे. मला सर्वांत आवडतं ते तिचं सस्पेन्शन. पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन, आणि स्प्रिंगा स्पोर्ट्स कारच्या मानाने मऊ. कडक गाडी म्हणजे चांगली गाडी हा आपल्याकडच्या पोरांचा गैरसमज आहे. थंडीने फुगलेल्या, ठिगळं लावलेल्या डोंगरी रस्त्यावर कडक गाडीचं चाक खड्ड्यावरून उडतं, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली? मऊ गाडी थोडी कलते, पण चाक रस्त्याला धरून राहतं. वजन कुठे चाललंय हे त्या कलण्यातूनच तुला कळतं.

आता वेगाचं. प्रातो गावाकडून चढलीस की हेअरपिन वळणांवर आकडे कोरलेले दगड दिसतील. ते ४८ पासून उतरत जातात आणि वर २७५७ मीटरवर संपतात. ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरने १८२० ते १८२५ मध्ये हा रस्ता बांधला. आपल्या बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० चा, म्हणजे दोन्ही एकाच जमान्यातले. घोड्यांना गाडी ओढवेल इतपतच चढ ठेवायचा म्हणून इतकी वळणं घ्यावी लागली. घोडागाडीसाठी आखलेलं वळण आवळ असतं. समज, आतल्या बाजूने वळणाची त्रिज्या दहा मीटर धरली, तर कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास संपते. स्पोर्ट्स कार असो की तुझ्या बाबांची जुनी हॅचबॅक, इथे फरक दोन-चार किलोमीटरांचा. शहाण्या माणसाचा वेग तिथे २५. वेग दुप्पट केलास तर गाडीला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो, हे तू शाळेत शिकली आहेस. म्हणून वळणात जोर दाखवण्यात काही अर्थ नाही. कौशल्य लागतं ते वळणाच्या आधी आणि वळणानंतर.

प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. तसे चार तळहात, एवढंच तुझं भांडवल. त्या प्रत्येकाची पकड त्याच्यावर त्या क्षणी किती वजन आहे त्यावर ठरते, आणि तीच पकड ब्रेक, रेस आणि वळण या तिघांत वाटून घ्यावी लागते. सगळी ब्रेकला दिलीस तर वळायला काही उरत नाही. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच लाव. पेडलवर पाय आपटू नकोस, दाब वाढवत ने. त्याने वजन पुढच्या चाकांवर येऊन बसतं. मग दाब हळूहळू सोडत स्टिअरिंग फिरव, म्हणजे पुढची चाकं वजनाखाली असतानाच वळतील. ब्रेक झटकन सोडलास तर नाक उचललं जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर जायला बघते. त्याला आम्ही अंडरस्टिअर म्हणतो. तसं झालं तर स्टिअरिंग आणखी पिळू नकोस. रेस किंचित कमी कर, चाक थोडं सैल सोड, पकड परत येते.

याच्या उलट प्रकार जास्त घातक. वळणाच्या मध्यावर घाबरून रेसवरून पाय एकदम काढला, की वजन पुढे धावतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर निघते. पोर्शे ९११ चा साठ वर्षांचा इतिहास म्हणजे याच गोष्टीशी घेतलेली झुंज. तिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेलं. जुन्या ९११ मध्ये वळणात पाय काढला की ते मागचं ओझं गाडीला फिरवून टाकायचं. १९६८ मध्ये कारखान्याने मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेऊन तो खोडसाळपणा थोडा कमी केला. १९७४ मध्ये टर्बो आली. तिच्यात रेस दिल्यावर क्षणभर काहीच होत नसे, आणि मग वळणाच्या ऐन मध्यावर सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर यायची. आजच्या ९११ मध्ये हे सगळं उत्तम काबूत आणलं आहे. त्या इंजिनिअरांबद्दल मला फार आदर आहे. पण तो काबू बराचसा कॉम्प्युटरच्या हातात आहे, आणि पहिल्या खेपेला गाडीचं बोलणं तू थेट ऐकावंस असं मला वाटतं. थेट म्हणजे ईएसपी बंद करून नव्हे. ते बटण दोन्ही दिवस हात न लावता ठेव. मात्र ईएसपीवर विसंबूही नकोस. ते एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतं, पण नसलेली पकड आणून देत नाही.

हे सगळं जमतंय की नाही, हे कळायला एक खूण सांगतो. शेजारी बसलेल्या मैत्रिणीचं डोकं बघ. ब्रेक लावताना ते पुढे झुकलं आणि तसंच स्थिर राहिलं, वळणात एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं, तर चाकांवरचं वजनही तसंच शांतपणे सरकतंय. डोकं पुढे-मागे हेलकावे खात असेल तर टायरांनाही तेवढेच धक्के बसतायत. टेस्ट ट्रॅकवर आमच्यातला सर्वांत वेगवान चालक हाच सर्वांत मऊ हाताचा होता. तिला गाडी लागते असं तू लिहिलं आहेस, म्हणून सांगतो: तिला गाडी लागली नाही, तर तू चांगली चालवलीस.

ताम्हिणी आणि वरंध तू चालवलेत, म्हणून घाटाची भीती तुला नाही. पण एक गोष्ट तिथे उलटी आहे. आपल्याकडे आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावीकडचं हेअरपिन आवळ आणि उजवीकडचं सैल. तिकडे उजवीकडचं आवळ. उजव्या हेअरपिनवर वरून बस किंवा कॅम्पर येत असेल तर ती सगळा रस्ता घेतल्याशिवाय वळूच शकत नाही. आधीच थांब, तिला जागा दे. चढणाऱ्याला वाट द्यायची ही आपल्या घाटातली रीत तिथेही आहे, पण बसपुढे हक्क गाजवण्यात काही अर्थ नसतो. झाडी साधारण २२०० मीटरपर्यंत आहे. तिच्यावर रस्ता उघडा पडतो आणि वरची दोन-तीन वळणं खालूनच दिसतात. वळणात शिरण्याआधी मान वर करून वरचा रस्ता बघून घे. खाली झाडीत मात्र नजर पुढे ठेव, रस्त्याच्या दोन कडा जिथे एकमेकींना मिळताना दिसतात तिथे. तो बिंदू तुझ्यापासून दूर पळत असेल तर वळण उघडतंय. जागचा हलत नसेल तर वळण आवळतंय, वेग आणखी उतरव. जुलैतही सकाळी सावलीतल्या वळणावर वितळलेल्या बर्फाचं पाणी आडवं वाहत असतं. टायर थंड असताना त्यावर रेस देऊ नकोस.

सायकलवाल्यांना जप. १९५३ मध्ये ‘जीरो दितालिया’ ही सायकल शर्यत पहिल्यांदा या घाटावर आली, तेव्हापासून जगभरचे सायकलस्वार इथे येतात. चढताना ते दमून रस्त्यात डोलतात, आणि उतरताना हेअरपिनमध्ये तुझ्यापेक्षा वेगवान असतात. मागून आलेल्याला उतारावर पुढे जाऊ दे.

आणि उतार. घाटातले बहुतेक घोटाळे उतारावर होतात. माथ्यावरून बोर्मिओच्या बाजूने थोडं खाली आलीस की उम्ब्राइल खिंडीचा फाटा लागतो. तिथून स्वित्झर्लंडमध्ये सान्ता मारियाला उतरायचं. माथ्यापासून हा उतार साधारण १४०० मीटरचा. तुम्ही दोघी, सामान आणि गाडी धरून साडेबाराशे किलो वजन एवढं खाली आणायचं. त्यातून जेवढी ऊर्जा निघते, तेवढीत पन्नासेक लिटर पाणी उकळेल. त्यातला जो भाग इंजिन आणि हवा खाणार नाही तो सगळा ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली आलेला असतो. ते उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल फरशीला टेकतं. म्हणून गिअर खालचा ठेव. आल्पीनला स्टिअरिंगमागे पॅडल आहेत. डावं दाबून दुसरा गिअर घे आणि वेग इंजिनलाच धरू दे. ब्रेक सतत चाटत राहायचा नाही. लावायचा तेव्हा नीट लावायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात तो गार होतो. आपल्याकडे डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणारे ट्रकवाले तू पाहिलेस. तो प्रकार कुठल्याच गाडीत कधीही करायचा नाही. पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय किंवा जळका वास येतोय असं वाटलं, तर पुढच्या रुंद, सपाट जागेत थांब आणि वीस मिनिटं गाडी उभी ठेव. हँडब्रेक लावू नकोस, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात. चाकाला दगड लाव.

स्वित्झर्लंडच्या घाटांत निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं तर तो पोस्ट बसचा रस्ता. तिच्या ड्रायव्हरने केलेली खूण मानायची. पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड दोघींनीही जवळ ठेवा. आणि भाड्याच्या कागदात दोन गोष्टी सही करण्याआधी बघ: गाडी स्वित्झर्लंडमध्ये न्यायला परवानगी आहे का, आणि ओरखडा पडला तर तुझ्या खिशातून किती जाणार. रक्कम तुला झेपण्यापलीकडची असेल तर जास्तीचा विमा घे. त्यात काटकसर नको.

गाडी ताब्यात घेताना टायर बघ. चारही एकाच जातीचे हवेत आणि नक्षी खोल हवी. हवा थंड टायरमध्ये मोजायला सांग, आकडा दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं तेही विचार. दोन वर्षांवर झाली असतील तर ती गाडी नको म्हण, दुसरी माग, मग ती पोर्शे असली तरी चालेल. टायर कोणते निघाले ते मला कळव. आईशी मी बोलतो.

तुझा,
मामा