गळके छप्पर : दोषाचा शोध आधी, दुरुस्ती मागून



पहिली मोठी सर आली की पुष्कळ घरांत एकच धांदल उडते. कोणी घमेले आणतो, कोणी तपेले ठेवतो, अंथरुणे गुंडाळून कोरड्या कोपऱ्यात नेली जातात. मग उघडीप पडताच घरधनी शिडी लावतो, थेंब पडला त्याच्या नेमके वरचे कौल बदलतो आणि काम झाले असे समजतो. आम्हीही एके वर्षी असेच केले. चुलीजवळ पाणी पडत होते. त्यावरचे कौल आम्ही तीनदा बदलले, तरी थेंब थांबेना. अखेरीस आढ्यावरील कोन्याला गेलेली चीर सापडली. पाणी तेथून आत शिरून वाशाच्या अंगाने चार हात खाली येई आणि वाशाच्या गाठीशी अडून चुलीवर पडे. तेव्हापासून आम्ही एक नियम धरला आहे : जेथे थेंब पडतो ती दोषाची जागा नव्हे, दोष बहुधा तिच्याहून वर असतो. तो सापडल्यावाचून दुरुस्तीस हात घालू नये.

शोध कसा करावा? पाऊस चालू असता छपरावर चढू नये. ओले कौल व शेवाळ यांवरून पाय घसरतो. घरात उभे राहूनच वाशावरील ओल्या रेघेचा माग वरवर काढीत जावे व ती जेथे सुरू होते तेथे कोळशाने खूण करावी. तोवर थेंबाच्या जागी सुतळी बांधून तिचे टोक भांड्यात सोडावे, म्हणजे पाणी सुतळीवरून मुकाट्याने उतरते व धान्याच्या कणग्या आणि मातीची भिंत कोरडी राहते. विजेच्या तारेजवळ ओल दिसली तर ओल्या हाताने तिकडे जाऊ नये. सुक्या हाताने मुख्य बटण आधी बंद करावे. पुढे कोरड्या दिवशी भर दुपारी दारे-खिडक्या लावून वर पाहावे. अंधारात जेथून उजेडाचा ठिपका दिसेल तेथेही खूण करावी.

आता छपराच्या प्रकारांकडे वळू. आपल्याकडील पुष्कळ घरांवर मंगळुरी कौले असतात. बासेल मिशनच्या वतीने गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन गृहस्थांनी १८६५ साली मंगळूर येथे अशा कौलांचा कारखाना काढला. या कौलाची खूबी त्याच्या खाचांत आहे. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, वरचे कौल खालच्यावर चढते आणि पाणी खाली वाहून जाते. खाचेत पालापाचोळा व माती साचली की तेच पाणी तुंबून आत उतरते. म्हणून पुष्कळदा नवे कौल नको असते, झाडणी पुरते. कौल काढून बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर तडकलेले जाणावे. परंतु वासा वाळवीने पोखरून छपराला झोळ आला असेल, तर कौले कितीही बदलली तरी व्यर्थ होय. तेथे आधी वासाच बदलला पाहिजे.

पत्र्याच्या छपरात दोष बहुधा खिळ्याशी असतो. खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, पन्हळात मारू नये. त्याखालची चकती जीर्ण झाली असल्यास बदलावी. वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढलेला असावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांस भोके पाडू नयेत व ते फोडू नयेत, कारण पुष्कळांत ॲस्बेस्टॉस असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. त्यांवर पाय देऊन चालू नये. ते अवचित मोडतात.

माळवदाविषयी मात्र विशेष सावध राहावे. माळवद गळू लागले की आणखी माती टाकावयाची, अशी रीत आहे. अशाने वर्षानुवर्षे थर चढत जातो आणि तुळयांवरील भार वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे मरण पावली. मातीत बांधलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरची जड माळवदे निजलेल्या कुटुंबांवर आली. म्हणून नवी माती घालण्यापूर्वी जुनी सैल माती खरवडून काढावी, गवत मुळासकट उपटावे, भेगा चोपून बुजवाव्या आणि पाण्याचा उतार पन्हळाकडे आहे की नाही हे पाहावे. दोष न शोधता वरून झाकण घातले तर गळती काही दिवस लपते. भार मात्र राहतो.

सर्वांत उत्तम काळ पावसाळ्यापूर्वीचा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो. त्याआधी शाकारणी उरकावी. गावात विधवा अथवा वृद्ध एकटी राहत असतील, तर दोघा-तिघांनी मिळून त्यांचे घर आधी शाकारावे. त्यांना शिडी चढवत नाही. एका सकाळचे हे काम त्यांना चार महिने कोरडे ठेवते.

विचार करण्यासाठी प्रश्न
१. थेंब पडतो ती जागा व दोषाची जागा वेगळी का असते?
२. माळवदावर दरवर्षी नुसती माती टाकल्याने कोणता धोका वाढतो?
३. आपल्या वस्तीत यंदा कोणाचे छप्पर आधी पाहिले पाहिजे?