मठाच्या बागेतले वाटाणे



धर्मशिक्षणाच्या वर्गात परवा एका मुलाने विचारले, “फादर, शाळेत उत्क्रांती लिहितो आणि इथे उत्पत्तीचा अध्याय वाचतो. मग मी खोटे कुठे बोलतो, तिथे की इथे?”

मी त्याला फादर ग्रेगोर मेंडेल यांची गोष्ट सांगितली.

आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या एका खेड्यात, १८२२ साली, शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. वडील जमीनदाराकडे वेठीला गेले असता अंगावर ओंडका पडून जायबंदी झाले. मुलाचे शिक्षण थांबणार, तोच धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यातला वाटा भावाला दिला. १८४३ मध्ये ते ब्रनोच्या ऑगस्टीनियन मठात दाखल झाले, १८४७ मध्ये गुरुदीक्षा मिळाली. पण आजाऱ्यांच्या भेटीला गेले की हे स्वतःच आजारी पडत! मठाधिपतींनी त्यांना शिकवायला पाठवले, तर शिक्षकाच्या परीक्षेत नापास. (आम्हा धर्मगुरूंना हे वाचून जरा धीर येतो.)

१८५६ पासून त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग केले. डार्विनचा ग्रंथ आला १८५९ साली. त्यात एक दुबळी जागा होती. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात, अशी तेव्हाची समजूत. तसे असेल तर नवा उपयोगी गुण चार पिढ्यांत पातळ होणार. मग निसर्ग निवडणार काय? मेंडेल यांनी जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिली पिढी सगळी जांभळी. दुसरीत ७०५ झाडे जांभळी, २२४ पांढरी. पांढरा गुण विरघळला नव्हता, नुसता झाकला गेला होता. १८६६ मध्ये हे छापून आले, पण फारसे कुणी लक्ष दिले नाही. १८८४ मध्ये मेंडेल वारले. १९०० साली शास्त्रज्ञांना त्यांचे नियम पुन्हा गवसले आणि पुढे डार्विनच्या सिद्धांताला त्यांचाच आधार मिळाला.

आता उत्पत्तीचा अध्याय. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, देव आदिकारण आहे आणि तो सृष्टीतल्या दुय्यम कारणांकरवी कार्य करतो. बी पेरणारा शेतकरी खरा, आणि पीक देणारा देवही खरा. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उगमाविषयी संशोधनाला मोकळीक दिली; आत्मा मात्र थेट देवाकडून येतो, हे बजावले. पोप दुसरे जॉन पॉल १९९६ मध्ये आणखी पुढे गेले: उत्क्रांतीला आता केवळ गृहीतक म्हणता येणार नाही, असे त्यांनी सांगितले.

मुलाने ऐकून घेतले. मग विचारले, “आणि त्या बहिणीचे काय झाले?”

तिच्या मुलांच्या शिक्षणाला पुढे मेंडेल मामांनीच हातभार लावला.