घरातला विरोधी पक्ष

नातेवाइकांमधल्या राजकीय वादात धोरणाचा वाटा थोडा असतो. निष्ठेचा आणि घरातल्या मानाचा मोठा. सत्तरी ओलांडलेले काका एखाद्या पक्षाची बाजू घेतात तेव्हा त्या पक्षाच्या आजच्या जाहीरनाम्याबद्दल ते क्वचितच बोलत असतात. १९७५ ची आणीबाणी, १९८२ चा गिरणी संप, १९९० मधला मंडल आयोगाचा वाद, यांतले काहीतरी त्यांच्या अंगावरून गेलेले असते. त्या वेळी जो पक्ष आपल्या बाजूने उभा राहिला, किंवा राहिला असे वाटले, त्याचे ऋण ते अजून फेडत असतात. पंचविशीतला पुतण्या मात्र त्याच पक्षाचे गेल्या महिन्यातले वागणे पाहून बोलतो. त्यामुळे पक्षावरची टीका काकांना स्वतःच्या आयुष्यावरची टीका वाटते आणि काकांचा राग पुतण्याला निव्वळ हट्ट वाटतो. समेटाचा प्रयत्न इथून सुरू केला नाही, तर पुढचे सगळे मुद्दे वाया जातात.

एकाच घरात दोन पक्ष असणे मराठी माणसाला नवे नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात आई विजयाराजे जनसंघात आणि पुढे भाजपमध्ये, तर मुलगा माधवराव काँग्रेसमध्ये होते. परळीत २०१४ आणि २०१९ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत पंकजा आणि धनंजय मुंडे ही चुलत भावंडे एकमेकांविरुद्ध लढली. बारामतीत २०२४ च्या लोकसभेला सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या नणंद-भावजया समोरासमोर आल्या आणि त्याच वर्षी विधानसभेला अजित पवारांच्या विरोधात त्यांचे पुतणे युगेंद्र उभे राहिले. या उदाहरणांवरून सामान्य घरांनी धडा घ्यायचा तो एवढाच, की नेत्यांच्या घरातल्या भांडणाला आमदारकी-खासदारकीचा मोबदला असतो. कार्यकर्ता नसलेल्या, साधे मत देणाऱ्या माणसाच्या भांडणाला तसा काहीच मोबदला नसतो. मार्च २००६ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडलेल्या राज ठाकरे यांची मनसे स्थापन झाली, तेव्हा अनेक शिवसैनिक घरांतही दोन तट पडले. ५ जुलै २०२५ रोजी वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले. मधल्या काळात ज्यांनी त्या फुटीपायी सख्ख्या भावाशी अबोला धरला होता, त्यांना हा सोहळा दूरदर्शनसंचावर पाहावा लागला.

गोव्याचा अनुभव थोडा वेगळा आणि अधिक उपयोगी आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित प्रदेशाची दोन पाने. एकाच आडनावाची माणसे दोन्ही खुणांच्या प्रचारात होती. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मते पडली आणि बाजूने १,३८,१७०. वाद कडवा होता, पण त्याला नेमका प्रश्न होता, ठरलेली तारीख होती आणि शेवटी मोजणी होती. आजच्या घरगुती वादांना यांतले काहीच नसते. ‘तुमचा नेता वाईट की आमचा’ या प्रश्नाची मोजणी कधीच होत नाही, म्हणून तो दर दिवाळीला नव्याने निघतो. प्रश्नाला आकार देणे हे समेटाचे निम्मे काम आहे.

अशा वादाचे सर्वांत वाईट ठिकाण म्हणजे कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट. समोरासमोर दोघे बोलतात तेव्हा एक जण गप्प बसला तरी विषय मिटतो. गटात वीस-पंचवीस नातेवाईक वाचत असतात, त्यांत जावई असतो, नव्या सुनेचे माहेरचे कोणी असते आणि त्यांच्यासमोर माघार घेणे म्हणजे मान खाली घालणे ठरते. प्रस्तुत लेखकाच्या नात्यातला एक गट मुळात गणपतीची वर्गणी आणि आरतीच्या वेळा कळवण्यासाठी काढलेला होता. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा त्यावर ‘गद्दार’ आणि ‘खोके’ हे शब्द आले, उत्तरादाखल जुन्या नेतृत्वाची टिंगल आली आणि काही जण गट सोडून गेले. पुढे घरातल्या आत्याबाईंना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा निरोप रिवाजाप्रमाणे गटावरच पडला. जे बाहेर पडले होते त्यांना तो परक्यांकडून कळला. ती सल आजही त्या घरात आहे आणि तिच्यात पक्ष आता कुठेच उरलेला नाही. यावरून एक व्यवस्था सुचते आणि ती बहुतेक घरांत चालते: निरोपांसाठी वेगळा गट ठेवावा, तिथे फक्त घरातल्या कोणा एका सर्वमान्य व्यक्तीला लिहिता येईल अशी सोय करावी. राजकारण ज्यांना हवे त्यांनी ते दुसरीकडे करावे. ‘गटात राजकारण नको’ असा नुसता नियम मात्र टिकत नाही, कारण आपल्याला पटणारा संदेश कोणालाच राजकारण वाटत नाही.

पुढे ढकललेल्या संदेशांचा प्रश्न स्वतंत्र आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. तेव्हा खोटा संदेश घरात आला तर तो थांबवलाच पाहिजे, यात भिडेचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो रीतीचा. सर्वांदेखत ‘काका, हे खोटं आहे’ असे लिहिले की काका संदेशाची नव्हे, स्वतःची बाजू मांडू लागतात. त्याऐवजी त्यांना फोन करावा: ‘काका, तो फोटो जुना निघाला. तुम्ही पाठवलात म्हणून लोक खरा मानतील, तेवढा काढून टाका ना.’ संदेश काढला जाण्याची शक्यता इथे पुष्कळ जास्त असते. मात्र संदेश खोटा ठरला म्हणून काकांचे मत बदलेल, ही अपेक्षा ठेवू नये. ती दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे काम एका फोनवर होत नाही.

बोलणे कसे असावे, याचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झाला आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरवण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची काही बाजू न मांडता नुसते दुसऱ्याचे खोडायचे ती वितंडा. रात्री नऊच्या वाहिनीवर जे चालते त्याला कोणता शब्द लावायचा हे वाचकांनी ठरवावे. जेवणावळीत, लग्नमांडवात किंवा गटावर, म्हणजे जिथे प्रेक्षक आहेत तिथे, वाद बहुधा जल्पाकडे घसरतो. म्हणून राजकारणावर खरोखर बोलायचेच असेल तर ते दोघांत बोलावे, शक्यतो काहीतरी काम करता करता. गाडीने गावाला जाताना, शेंगा फोडताना, बँकेच्या रांगेत उभे असताना बोलणे सोपे जाते, कारण मधूनमधून गप्प बसायला जागा असते.

शास्त्रार्थाची दुसरी रीत म्हणजे आधी पूर्वपक्ष मांडणे. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे आणि मगच उत्तर द्यायचे. ‘मामा, तुमचं म्हणणं असं ना, की रस्ते आणि वीज आली, ती आधी का आली नाही?’ यावर मामा ‘हो, तेच म्हणतोय मी’ म्हणाले की अर्धी लढाई संपते. ‘तसं नाही रे’ म्हणाले, तर आपण इतके दिवस भलत्याच मुद्द्याला उत्तरे देत होतो हे कळते. ‘भक्त’, ‘चमचे’, ‘फुरोगामी’ असली लेबले या रीतीत बसत नाहीत, कारण ती लेबले स्वतःच्या मताचे वर्णन म्हणून कोणी मान्य करत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मतदारांच्या दारी जाऊन केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तृतीयपंथीयांविषयीचा पूर्वग्रह हा त्याचा विषय. उपदेश न करता, ऐकून घेत आणि स्वतःचे अनुभव आठवायला लावत केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या संभाषणाचा परिणाम तीन महिन्यांनंतरही दिसत होता. ते अनोळखी लोक होते, हे मात्र लक्षात ठेवावे. नात्यात प्रत्येक वाक्याला मागच्या वीस वर्षांचे वजन असते. तिथे दहा मिनिटे पुरत नाहीत.

समान भूमी सापडते ती बहुधा पक्षांच्या नावांखाली दडलेल्या हितसंबंधांत. कांद्याचे उदाहरण घेता येईल. निफाड तालुक्यातला एक मामा आणि पुण्यात नोकरी करणारा भाचा, अशी जोडी महाराष्ट्रात हजारो घरांत आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठवताना टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य व ४० टक्के निर्यातशुल्क ठेवले. मामाला हे सरकार शेतकऱ्याच्या जिवावर उठलेले वाटते. भाच्याला मामा विरोधकांच्या प्रचाराला भुललेले वाटतात. नावांवर बोलत राहिले तर हे इथेच थांबते. पण डिसेंबर २०१० मध्येही निर्यात थांबवली गेली होती आणि तेव्हा दिल्लीत दुसऱ्या आघाडीचे सरकार होते. ही गोष्ट समोर आली की दोघांनाही आपापल्या पक्षाचे वकीलपत्र थोडे खाली ठेवावे लागते. शहरातले ग्राहक भडकू नयेत म्हणून शेतमालाचा भाव पाडण्याची सवय कोणा एका पक्षाची नाही.

त्यानंतरचे बोलणे मग वेगळ्याच वाटेने जाऊ शकते. लासलगावच्या लिलावात मिळालेला भाव आणि पुण्यात भाच्याने मोजलेला भाव यांच्या मध्ये हमाली, तोलाई, वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा आणि सड एवढे सगळे असते. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, खरिपाचा टिकत नाही. म्हणून खरिपाच्या वेळी शेतकऱ्याला थांबायची सोयच नसते. भाच्याला हे ठाऊक नसते. आणि महिन्याच्या ठरलेल्या पगारात घरभाडे, शाळेची फी आणि हप्ते भागवताना भाजीचा भाव दुप्पट झाला की काय होते, हे मामाने कधी मोजलेले नसते. कोणाला मत द्यावे यावर त्यांचे एकमत होणार नाही. साठवणुकीची सोय वाढावी आणि निर्यातीचे धोरण रातोरात बदलू नये, यावर होऊ शकते. जुन्या निवृत्तिवेतनाबाबतही असेच घडते. राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या काकांना ते मिळते, नंतर लागलेल्या पुतण्याला तसे मिळत नाही आणि दोघांचा पक्ष कोणताही असला तरी मार्च २०२३ च्या संपाबद्दलची सहानुभूती एकच असू शकते.

काही ठिकाणी मात्र समान भूमी शोधूच नये. घरात आलेल्या सुनेच्या किंवा जावयाच्या जातीधर्मावर राजकारणाच्या आडून टोमणे पडू लागले, तर तो मतभेद राहिलेला नसतो. तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी, शक्यतो टोमणे मारणाऱ्याच्याच पक्षाचे, स्पष्ट शब्दांत थांबवावे. ‘दोन्ही बाजू ऐकून घेऊ’ ही भूमिका अशा वेळी टोमणे मारणाऱ्याच्या पथ्यावर पडते. जमिनीची वाटणी, उसने पैसे, आजारपणाचा खर्च यांच्या बोलण्यात पक्ष आणू नये, हे सांगायला सोपे वाटते. प्रत्यक्षात अनेक राजकीय भांडणांच्या तळाशी बांधाचा किंवा वाट्याचा जुना वाद असतो. तसे असेल तर राजकारणावर समेट करून उपयोग नाही. मोजणी करून घ्यावी.

मताची गुप्तता ही घरातही पाळायची गोष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९४ नुसार मतदाराने कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातही साक्षीदारावर करता येत नाही. घरात ती सर्रास होते आणि बहुतेक वेळा बायकांवर. ‘आपल्या घरची मतं एकगठ्ठा’ असे अभिमानाने सांगणाऱ्या घरातली सून, सासू किंवा मुलगी वेगळे मत देऊन आलेली असते आणि गप्प राहिलेली असते. तिचे गप्प राहणे म्हणजे संमती समजू नये आणि तिला खोदून विचारूही नये. मतदान संपण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत कायद्याने जाहीर प्रचार थांबतो. तेवढे दोन दिवस घरातला प्रचारही बंद ठेवला, तर निकालानंतर एकमेकांकडे पाहणे सोपे जाते. निकालाच्या दिवशी जिंकलेल्या बाजूच्या नातेवाइकाने हरलेल्याला पेढ्याचा फोटो पाठवू नये, हे वेगळे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

एक काम मात्र दोन्ही पक्षांच्या नातेवाइकांनी मिळून करण्यासारखे आहे. घरातले वृद्ध मतदानाला मुकतात ते बहुधा कोणी नेले नाही म्हणून. कोणाला मत द्यायचे हे न विचारता त्यांना केंद्रावर न्यावे आणि परत आणावे. नेणारा एका पक्षाचा आणि आणणारा दुसऱ्या पक्षाचा असला तर अधिक चांगले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरूनच टपाली मतदान करता येत होते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत १२-ड हा नमुना भरून द्यावा लागतो.