मनगट आणि घड्याळाचा पट्टा

घड्याळ कसे पाहावे हे तुम्हाला दुसरी-तिसरीतच शिकवले जाते. परंतु घड्याळ हातावर कसे बांधावे हे मात्र कोणी शिकवत नाही. त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे तुम्हाला वाटेल. आज आपण तेच पाहू. त्यासाठी थोडे शरीरशास्त्र, थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे रसायनशास्त्र लागेल. हे तिन्ही विषय तुमच्या पाठ्यपुस्तकांत आहेतच.

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात झरी नावाचे गाव आहे. मे १९४५ मध्ये वारली शेतमजुरांची मोठी सभा याच गावी भरली होती. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमट असते. उन्हाळ्यात अंगावरचा घाम लवकर वाळत नाही आणि पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत हात तासन्‌तास चिखलपाण्यात असतात. घड्याळाच्या पट्ट्याची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

कल्पना करा, की झरीतील एका मुलीला दहावीच्या परीक्षेसाठी तिच्या थोरल्या भावाने आपले घड्याळ दिले. घड्याळ मोठ्या माणसाचे, मनगट लहान. "घट्ट बांध गं, नाहीतर पडेल कुठेतरी," असे दादाने बजावले. तिने पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला. पेपर सुरू झाल्यावर तासाभराने हाताला घाम आला, पट्ट्याखाली खाज सुटली आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या. तिचे अर्धे लक्ष पेपरात आणि अर्धे मनगटात! दादाचा सल्ला प्रेमाचा होता, पण तो बरोबर होता का?

खिशातून मनगटावर

पूर्वी घड्याळ खिशात असे. साखळीला अडकवलेले गोल घड्याळ कोटाच्या खिशातून काढायचे, वेळ पाहायची आणि परत ठेवायचे. तेव्हा ते अंगाला बसण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) खंदकातील सैनिकांचे दोन्ही हात कामात गुंतलेले असत. त्यांना मनगटावरचे घड्याळ सोयीचे वाटले आणि युद्धानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्या देशात एच.एम.टी. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळे तयार करण्यास सुरुवात केली. तिचे घड्याळांचे कारखाने आता बंद झाले आहेत, पण अनेक घरांत ती घड्याळे अजून चालू आहेत.

त्या घड्याळांना रोज किल्ली द्यावी लागे. त्यासाठी ती हातातून काढली जात. त्यामुळे मनगटाला आपोआप विश्रांती मिळे आणि पट्टा रोज नव्याने बांधला जाई. १९६९ मध्ये सेलवर चालणारे पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ जपानमध्ये विक्रीस आले. पुढे अशी घड्याळे सर्वत्र झाली आणि किल्ली देण्याचे कारण उरले नाही. आता कित्येक जण घड्याळ हातातून काढतच नाहीत. एकदा निवडलेले भोक वर्षभर तेच राहते.

मनगट म्हणजे खांब नव्हे

तुमच्या डाव्या मनगटाकडे नीट पाहा. करंगळीच्या बाजूला, हाताच्या पाठीवर हाडाचा एक गोल उंचवटा दिसेल. कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब हाडे येतात. हा उंचवटा म्हणजे त्यांपैकी करंगळीच्या बाजूच्या हाडाचे टोक. त्याच्या पुढे, तळहाताकडे, आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली आहेत. त्यांच्यामुळेच पंजा वर-खाली आणि बाजूंना वळतो.

उंचवट्याच्या पुढचा भाग सतत हलतो आणि मागचा भाग बराच स्थिर असतो. मग घड्याळ कोठे बांधावे? अर्थात उंचवट्याच्या मागे, कोपराच्या बाजूला, एक बोटभर अंतरावर. पुष्कळ जण ते उंचवट्यावर किंवा त्याच्या पुढे बांधतात. मग हात टेकून उठताना पंजा मागे वळला, की घड्याळाची किल्ली हाताच्या पाठीत रुतते. तुमच्या हातावर तेथे लहानसा लाल ठिपका उमटत असेल, तर त्याचे कारण हेच आहे.

आता एक साधा प्रयोग करा. एक दोरा घ्या. घड्याळ बांधतो त्या जागी तो मनगटाभोवती गुंडाळा, न आवळता खूण करा आणि पट्टीवर लांबी मोजा. पुढील वेळी हेच माप पुन्हा घ्या व वहीत लिहा:

१. सकाळी उठल्यावर, मूठ उघडी ठेवून.
२. त्याच वेळी, मूठ घट्ट मिटून.
३. दुपारी उन्हातून चालून आल्यावर.
४. खेळून आल्यावर लगेच.
५. रात्री झोपण्यापूर्वी.

प्रत्येक माप तीनदा घ्या आणि सरासरी काढा. सर्व मापे सारखी येणार नाहीत. मूठ मिटली, की स्नायू व त्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि मनगटाचा आकार बदलतो. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, कारण शरीराला आतील उष्णता बाहेर टाकायची असते. त्यामुळे उन्हात व खेळताना हात किंचित फुगतो. मनगट हा लाकडी खांब नसून सतत घेर बदलणारा सजीव अवयव आहे, ही गोष्ट आपण विसरतो. थंड सकाळी अगदी नेमका बसणारा पट्टा दुपारी आवळणारच.

एक भोक म्हणजे किती?

पट्ट्याच्या दोन भोकांतील अंतर मोजा. बहुतेक पट्ट्यांत ते सुमारे ६ मिलिमीटर असते. वर्तुळाचा परीघ २πr असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. परीघ ६ मिलिमीटरने वाढला तर त्रिज्या ६ ÷ ६.२८, म्हणजे जवळजवळ १ मिलिमीटरने वाढते. एक भोक सैल केले की पट्टा सर्व बाजूंनी सुमारे १ मिलिमीटर दूर होतो. हे अंतर फार लहान वाटते, पण हवा खेळायला आणि घाम वाळायला तेवढे पुरते.

आता पट्टा मनगटावर किती दाब देतो ते काढू. मनगट तूर्त गोल आहे असे माना. ते मधोमध कापून दोन अर्धे भाग केले, अशी कल्पना करा. एका अर्ध्या भागावर पट्ट्याची दोन टोके ओढ लावतात. प्रत्येक टोकाची ओढ T असेल, तर एकूण बल २T. हे बल ज्या क्षेत्रफळावर पडते ते म्हणजे व्यास गुणिले पट्ट्याची रुंदी, म्हणजेच २r × w. म्हणून

दाब = २T ÷ (२r × w) = T ÷ (r × w)

समजा, आपल्या परीक्षार्थी मुलीच्या मनगटाचा घेर १५.७ सेंटिमीटर आहे. म्हणजे त्रिज्या २.५ सेंटिमीटर. पट्टा १८ मिलिमीटर रुंद आहे आणि त्यात २ न्यूटन ओढ आहे. सुमारे २०० ग्रॅमचे वजन टांगल्यावर दोरीत जेवढी ओढ येते तेवढीच ही ओढ.

दाब = २ ÷ (०.०२५ × ०.०१८) = सुमारे ४,४०० पास्कल

डॉक्टर रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे १३३ पास्कल. म्हणजे हा दाब पाऱ्याच्या सुमारे ३३ मिलिमीटरइतका झाला. निरोगी माणसाच्या रोहिण्यांतील दाब १२०/८० च्या आसपास असतो. त्यामुळे घट्ट पट्ट्याने हाताचे रक्त थांबते ही समजूत खरी नाही. परंतु त्वचेतील केशवाहिन्यांत हा दाब साधारण १५ ते ३५ मिलिमीटर एवढाच असतो. अवघ्या २०० ग्रॅमच्या ओढीने पट्ट्याखालच्या बारीक वाहिन्या दबू लागतात. पट्टा सोडल्यावर प्रथम पांढरट आणि मग लाल होणारा वळ तुम्ही पाहिला असेल. दबलेल्या वाहिन्यांत रक्त परत आल्याची ती खूण होय.

सूत्राकडे पुन्हा पाहा. रुंदी w छेदात आहे. पट्टा ९ मिलिमीटरचा असेल, तर तेवढ्याच ओढीला दाब दुप्पट होतो. म्हणून अरुंद पट्टा घट्ट बांधला तर तो अधिक रुततो.

त्रिज्याही छेदात आहे. मनगट खरोखर गोल नसते, ते चपटे असते. वरची व खालची बाजू सपाट असते आणि दोन्ही कडा अधिक वळलेल्या असतात. कडेची त्रिज्या दीड सेंटिमीटर धरली, तर दाब पाऱ्याच्या सुमारे ५६ मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे पट्टा सर्वांत जास्त दाबतो तो मनगटाच्या कडांवर. अंगठ्याच्या बाजूच्या कडेला त्वचेच्या अगदी खालून एक मज्जातंतू जातो. अंगठ्याच्या पाठीमागील संवेदना तो मेंदूकडे नेतो. तो दबला, की तेथे मुंग्या येतात किंवा बधिरपणा वाटतो. रॉबर्ट वार्टेनबर्ग या मज्जातंतुतज्ज्ञाने १९३२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. घट्ट घड्याळपट्टा हे त्याचे एक परिचित कारण आहे. आपल्या मुलीच्या अंगठ्याला मुंग्या का आल्या, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. पट्टा सैल केल्यावर ही तक्रार बहुधा हळूहळू जाते, पण दुर्लक्ष केले तर ती लांबते.

मग सैल बांधले तर?

घड्याळाचे बहुतेक वजन तबकडीच्या बाजूला असते. पट्टा फार सैल असला, की हे वजन खाली जाऊ पाहते आणि घड्याळ फिरून तळहाताच्या बाजूला येते. हात हलवताना ते पुढे-मागे घसरते, बाकावर आपटते आणि काचेवर ओरखडे पडतात. शिवाय ओल्या त्वचेवर पट्टा सतत घासला जातो. घामाने मऊ झालेली त्वचा घर्षणाने लवकर सोलवटते. म्हणजे फार घट्ट वाईट आणि फार सैलही वाईट.

आजकाल काही घड्याळे नाडीचे ठोके मोजतात. त्यांच्या पाठीमागे हिरवा प्रकाश देणारे लहान दिवे असतात. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेतील रक्ताचे प्रमाण बदलते आणि परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. घड्याळ सैल असेल, तर बाहेरचा प्रकाश आत शिरतो. फार घट्ट असेल, तर त्या जागचे रक्तच दाबाने दूर सारले जाते. दोन्ही वेळा आकडा चुकतो. यंत्र नवे आले, तरी मनगटाचा नियम तोच राहिला.

घाम आणि धातू

घामात पाणी, मीठ आणि थोडे लॅक्टिक आम्ल असते. अशा खारट द्रवात निकेल हा धातू सूक्ष्म प्रमाणात विरघळतो. काही माणसांच्या त्वचेला निकेलची अ‍ॅलर्जी असते. त्यांना त्या जागी खाज सुटते, पुरळ येते आणि कधी पाणी सुटते. स्वस्त घड्याळांच्या पितळी कवचावर क्रोमियमचा मुलामा असतो आणि त्याखाली पुष्कळदा निकेलचा थर असतो. मुलामा झिजला, की निकेल उघडे पडते. स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असते, पण चांगल्या प्रतीच्या स्टीलमधून ते फारच थोडे बाहेर येते. या अ‍ॅलर्जीचा प्रश्न इतका व्यापक आहे, की युरोपीय देशांनी १९९४ मध्ये त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटू द्यावे यावर कायद्याने मर्यादा घातली.

पुरळ कोठे उठले आहे ते नीट पाहिले, तर कारणाचा अंदाज येतो. ते फक्त बकलाखाली किंवा घड्याळाच्या पाठीखाली असेल, तर धातूचा संशय घ्यावा. पट्ट्याच्या संपूर्ण लांबीवर असेल, तर साठलेला घाम, साबण, घट्टपणा किंवा चामडे कमावताना वापरलेली रसायने ही कारणे असू शकतात. पुरळ आल्यास घड्याळ काढून ठेवा. ते बरे झाले नाही तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. त्यावर मनाने मलमे चोळू नका.

योग्य बसण्याच्या तीन कसोट्या

१. हात सैल सोडून पट्टा बांधा. पट्ट्याखाली करंगळीचे टोक थोड्या प्रयत्नाने शिरले पाहिजे. सहज दोन बोटे शिरली तर पट्टा सैल आहे, नखही शिरत नसेल तर घट्ट आहे.

२. हात खाली सोडून हलवा. घड्याळ किंचित सरकावे, पण हाडाचा उंचवटा ओलांडू नये आणि फिरून तळहाताकडे येऊ नये.

३. अर्ध्या तासाने घड्याळ काढा. फिकट खूण चालेल, पण ती काही मिनिटांत गेली पाहिजे. खोल वळ राहिला तर एक भोक सैल करा.

उन्हाळ्यात एक भोक सैल आणि थंडीत एक भोक घट्ट, असा बदल करण्यात काहीच गैर नाही. पट्ट्याला अनेक भोके त्यासाठीच असतात. रात्री घड्याळ काढून ठेवा. पट्टा व मनगट कोरड्या फडक्याने पुसा. भातलावणीला किंवा पोहायला जाताना चामड्याच्या पट्ट्याचे घड्याळ घरीच राहू द्या. भिजलेले चामडे कुजते आणि त्याखालची त्वचाही खराब होते. थोरांचे घड्याळ वापरायचे असेल, तर शेवटच्या भोकापुढे त्याच अंतरावर आणि त्याच सरळ रेषेत चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून एक भोक पाडून घ्या. धातूची चेन असेल, तर घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तिच्या एक-दोन कड्या काढून मिळतात. काढलेल्या कड्या जपून ठेवा, कारण तुमचे मनगट अजून वाढायचे आहे!

दादाच्या सल्ल्यात एवढीच दुरुस्ती हवी होती: "घट्ट नको बांधू, नीट बांध."

वर्गात करून पाहा

१. पट्ट्याच्या टोकाच्या भोकात ताणकाट्याचा हूक अडकवा. नेहमीच्या भोकापर्यंत पट्टा येण्यास किती ओढ लागते ते पाहा. घर्षणामुळे हे माप अगदी अचूक येणार नाही, पण अंदाज येईल. त्यावरून स्वतःच्या मनगटावरील दाब काढा.

२. वर्गातील सर्वांच्या मनगटांची सकाळची व खेळाच्या तासानंतरची मापे घेऊन तक्ता करा. फरक एका भोकापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा, जास्त कोणाचा आला?

३. विचार करा: बांगडी घट्ट नसते, तरी हातातून गळून पडत नाही. का बरे?