आइंडहोवनला गेल्याने ऑटिझम होतो का?

प्रश्न : मुलगा दोन वर्षांचा आहे. यजमानांना नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरी लागलीय. तिथे ऑटिझमचं प्रमाण जास्त असल्याचं ऐकलं. जावं का?

उत्तर : खुशाल जा. गावाच्या हवापाण्याने ऑटिझम होत नाही. तुमच्या कानावर आलं ते बहुधा केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने केलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीबद्दल. दर दहा हजार मुलांमागे निदान झालेली मुलं आइंडहोवनमध्ये २२९, हार्लेममध्ये ८४, उट्रेक्टमध्ये ५७ निघाली. आइंडहोवन पडलं फिलिप्स कंपनीचं गाव. तेव्हा तिथल्या तीसेक टक्के नोकऱ्या तंत्रज्ञानातल्या होत्या. म्हणून संशय गेला अभियंता आईबापांच्या आनुवंशिकतेवर. मला हे घाईचं वाटतं. संशोधकांनी मुलं स्वतः तपासली नव्हती. आकडे शाळांनी कळवलेले. पालक-शिक्षक सजग असले की निदानही जास्त होतं. (एडीएचडी म्हणजे अतिचंचलतेच्या विकारात मात्र गावागावांत असा फरक आढळला नाही; नुसत्या सजगतेने तोही जास्त दिसला असता, हेही खरं.)

गावाचे आकडे सोडा, लेकाकडे बघा. हाक मारली की वळतो का? आकाशात विमान दिसलं की बोट करून तुमच्याकडे बघतो का? नसेल, तर निघण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तपासणीची कागदपत्रं तिकडे सोबत न्या. आणि डच शिकायचं म्हणून घरातली मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही.